मूळ रूप कोणते? – एका फियाटच्या निमित्ताने

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरलेले असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी गाडी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. त्या दिवसांत पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. त्याच सुमारास वसईतील एका अंगणात याच जातीची १९७४ सालची एक खाजगी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती आणि आम्ही तिघे स्नेही तिच्या पोटाखाली शिरून गंज खरवडीत होतो. छंद म्हणून अंगावर घेतलेले हे काम. ‘गाडी मूळ रूपात आणायची’ एवढाच आमचा निश्चय होता. काम पुढे सरकले तसा एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला : मूळ रूप म्हणजे नेमके कोणते? उत्तर शोधताना गाडीच्या इतिहासात शिरावे लागले. तो इतिहास आणि त्यातून आम्हांला उमगलेले थोडेसे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या गाडीचे माहेर इटलीतील तोरिनो शहर. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन १९३७ सालच्या फियाट गाडीतून आलेले. १९५३ च्या मार्च महिन्यात जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी ‘११००/१०३’ लोकांसमोर आली, तेव्हा इंजिनाचा वंश जुनाच होता; नवे होते ते शरीर. दान्ते जियाकोसा या फियाटच्या विख्यात अभियंत्याच्या देखरेखीखाली ती घडली. तिच्या आधीच्या ११०० मध्ये चेसिसचा स्वतंत्र सांगाडा असे व त्यावर वरची काया बसवीत. नव्या गाडीत काया हाच सांगाडा झाला. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ पाट, खांब आणि छत ही सारी मिळून भार पेलू लागली. गाडी हलकी झाली, स्वस्त झाली. परंतु तिच्या तळाला गंज लागला की तो केवळ सौंदर्याचा प्रश्न उरत नाही, गाडीच्या कण्यालाच कीड लागते. ही गोष्ट पुढे आम्हांला फार महत्त्वाची ठरली.

जुन्या गाडीत फेरफार करणे म्हणजे तिचा अपमान, असे काही छांदिष्टांना वाटते. तोरिनोचा इतिहास मात्र तसे सांगत नाही. फियाटने स्वतःच या गाडीची अधिक वेगवान आवृत्ती काढली. पिनिन फारिनासारख्या काया-कारागिरांनी तिच्यावर निराळ्या देखण्या काया चढविल्या. कार्लो अबार्थने १९४९ साली उभारलेला आपला उद्योग पुढे त्याच शहरात आणला आणि साध्या फियाट गाड्यांना शर्यतीचा जोम देण्याचे साहित्य विकून नाव कमावले. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी हा शेवटचा शब्द आहे, असे तोरिनोकरांनीच कधी मानले नाही.

आता मुंबईकडे वळू. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ मध्ये ११०० येथे अवतरली. समोरून पाहता तिचे फुगीर नाक आणि बाजूचे गाल पाहून मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव बहाल केले. त्यात तिरस्कार नव्हता, घरच्या माणसाला ठेवलेल्या टोपणनावाचा लळा होता. मागून सिलेक्ट आली, सुपर सिलेक्ट आली. १९६४ मध्ये ११०० डी, म्हणजे ‘डिलाइट’ आली. इटलीत ‘डी’चे इंजिन १२२१ घनसेंटिमीटरचे झाले होते, कुर्ल्याने मात्र १०८९ चे जुनेच इंजिन चालू ठेवले. १९६९ मध्ये तोरिनोने ११०० चे उत्पादन थांबविले. कुर्ल्यात ती थांबली नाही. १९७२ मध्ये ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीचे नाव धारण करून ‘पद्मिनी’. माहेरच्यांनी विसरल्यानंतरही सुमारे तीन दशके ती सासरी नांदली.

ही तीन दशके टंचाईची होती. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच हाती आलेली गाडी जन्मभर सांभाळावी लागे. जगवायची तर दुरुस्त करायची, आणि हवा तो भाग मिळाला नाही तर मिळेल तो भाग घासूनपुसून बसवायचा. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली की पेट्रोलपंपावर ओले फडके गुंडाळायचे, ही युक्ती कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती प्रत्येक फियाटवाल्याला ठाऊक होती. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. स्टिअरिंगखालच्या गियरच्या दांड्याचे सांधे झिजून गियर सापडेनासा झाला, की काहींनी दांडा खाली जमिनीवर आणला. २००० नंतरच्या वर्षांत टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी बसली. इटालियन गाडीचे हे भारतीयीकरण मोठ्या अभियंत्यांनी केले नाही. ते कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या दुकानांत, रस्त्याकडेच्या गॅरेजांत, डेंटर, वेल्डर, रेडिएटरवाले आणि कुशनवाले यांच्या हातून घडले. त्या हातांची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही.

आमच्या गाडीत ती नोंद आम्हांला सापडली. चालकाच्या पायाखालचा रबरी गालिचा उचलला, डांबराचा थर खरवडला, तेव्हा खाली पत्र्यांचे तीन थर निघाले. सर्वांत खालचा कारखान्याचा, दाबून नक्षीदार केलेला. त्यावर पितळेच्या झाळेने जोडलेले एक ठिगळ. त्याच्याही वर कुठल्याशा पिंपाचा सरळ केलेला पत्रा, कडेने गॅस वेल्डिंगचे बारीक, समान टाके घातलेला. आम्ही तो कापून फेकणार होतो. आमच्याकडे येणारे वयोवृद्ध डेंटर उकिडवे बसून त्या टाक्यांवरून बोट फिरवीत राहिले. मग म्हणाले, ‘‘हा हात आता बघायला मिळत नाही. पत्रा पातळ, ज्योत जरा जास्त लागली तर भोक पडतं. यानं घाई केलेली नाही.’’ क्षणभर आम्ही निरुत्तर झालो. आम्ही ज्याला घाण समजत होतो, ते कोणाचे तरी चोख काम होते.

कायद्याचे मत काय, हेही पाहणे भाग होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की, चेसिस, काया वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी नाही. हेतू चांगला आहे. तरी एक विसंगती डोळ्यांत भरते. छपराखाली झाकून ठेवलेली गाडी या कसोटीस सहज उतरेल. जिने पन्नास वर्षे माणसे वाहिली ती अडखळेल. टॅक्सींना तर या कसोटीपर्यंत पोहोचण्याइतके आयुष्यच मिळाले नाही.

योगायोग असा की, याविषयी अधिक समंजस विचार याच गाडीच्या माहेरच्या नावाने प्रसिद्ध आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ‘तोरिनो सनद’ संमत केली. ऐतिहासिक वास्तूंसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा तिला आधार आहे. वाहनाच्या नेहमीच्या आयुष्यात त्यात झालेले बदल ही त्याच्या इतिहासाची साक्ष आहे, ती जपावी. ते कारखान्यातून निघाले त्या दिवशीसारखे दिसलेच पाहिजे असे नाही, असा तिचा आशय आहे. आज नव्याने करावयाचे बदल मात्र संयमाचे असावेत, मूळ बांधणीला व रूपाला धक्का लावणारे नसावेत.

या प्रकाशात आम्ही आमचे निर्णय घेतले. दारांखालचे पाट आतून पोखरले होते. ते गाडीचा भार पेलतात, म्हणून तेथे दयामाया न दाखवता कुजलेला भाग कापून नवा पत्रा घातला. कोणाचा जीव धोक्यात घालून इतिहास जपता येत नाही. पुढच्या आसनांना पट्टे लावले. ते मूळचे नव्हते, पण उद्या काढावेसे वाटल्यास काढता येतील. पूर्वीच्या मालकाने लावलेला अल्टरनेटर राहू दिला. बाजारात मिळणारे मोठे इंजिन बसविण्याचा मोह आमच्यातील एका स्नेह्याला झाला होता. त्यावर दोन रविवार वाद झाला, आणि अखेर १०८९ घनसेंटिमीटरचेच इंजिन पुन्हा बांधून बसविले. चालकाच्या पायाखालचे ठिगळ तपासले. ते घट्ट होते. त्याला गंजरोधक रंग दिला आणि राहू दिले.

आमच्या गाडीला पाहुणे न्याहाळतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘‘सगळी ओरिजिनल आहे ना?’’ पूर्वी आम्ही या प्रश्नाने संकोचत असू. आता गालिचा उचलून ते ठिगळ दाखवितो. तोरिनोत कल्पिलेली, कुर्ल्यात जुळविलेली आणि नाव न ठेवता गेलेल्या कुणा कारागिराने शिवलेली अशी ही गाडी आहे. या तिघांपैकी एकालाही वगळून तिचे मूळ रूप पुरे होत नाही, असे आम्हांला वाटते. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आज इमारती उभ्या आहेत. तेथील कामाचा एक तुकडा आमच्या अंगणात आहे आणि किल्ली फिरविली की, थोडे आढेवेढे घेऊन का होईना, तो अजून बोलतो.