क्रमांकाचा निकाल आणि काळाचा निकाल

सन १९३६ च्या फेब्रुवारी महिन्याची ८ वी तारीख. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत रिट्झ-कार्लटन हॉटेलाच्या एका दालनांत ९ फुटबॉल-संघांचे चालक जमले होते. समोर फळ्यावर ९० तरुणांचीं नांवें लिहिलेलीं होतीं. हे सारे तरुण विद्यापीठांच्या संघांतून खेळून नुकतेच बाहेर पडणारे होते. प्रत्येक संघानें पाळीपाळीनें एक नांव उच्चारावें, आणि त्या तरुणाशीं करार करण्याचा हक्क त्या एकाच संघास मिळावा, असा ठराव होता. ९ फेऱ्या झाल्या, ८१ नांवें उच्चारलीं गेलीं, आणि सभा संपली. अमेरिकेंत ज्यास ‘ड्राफ्ट’ म्हणतात त्या वार्षिक निवडीचा हा पहिला प्रसंग होय. आज हाच समारंभ त्या देशांत लाखों लोक दूरचित्रवाणीवर पाहतात, आणि कोणास कितवा क्रमांक मिळाला याची चर्चा महिनोन्महिने चालते. परंतु त्या दिवशीं उच्चारलेल्या नांवांचें पुढें काय झालें, हें पाहूं गेल्यास क्रमांक आणि कर्तृत्व यांच्या नात्यावर चांगलाच प्रकाश पडतो.

येथें फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायानें खेळावयाचा खेळ नव्हे. चेंडू हातांत घेऊन पळणें, तो दूरवर फेकणें आणि प्रतिपक्षास अंगाच्या जोरानें अडविणें, हा अमेरिकन फुटबॉलचा प्राण आहे. रग्बीचा तो जवळचा भाऊबंद. त्यांत ‘क्वार्टरबॅक’ हा संघाचा सूत्रधार. डावाची आज्ञा तोच देतो, चेंडू प्रथम त्याच्याच हातीं येतो आणि तो कोणाकडे फेकावा याचा निर्णय त्यास दोनचार क्षणांत घ्यावा लागतो. म्हणूनच निवडींतील मोठीं यशें आणि मोठ्या चुका बहुधा याच जागेच्या असतात.

या योजनेचा जनक बर्ट बेल. फिलाडेल्फियाच्या ‘ईगल्स’ या अगदीं तळाशीं असलेल्या संघाचा तो मालक. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्टका नांवाचा जोरकस खेळाडू आपल्याकडे यावा म्हणून त्यानें पुष्कळ खटपट केली होती. परंतु तो ब्रुकलिनच्या संघाकडे गेला. श्रीमंत संघांनीं उत्तम खेळाडू उचलावे, त्यामुळें तेच जिंकावे, आणि जिंकल्यामुळें अधिक श्रीमंत व्हावे, हें चक्र असेंच चाललें तर दुबळे संघ नाहींसे होतील, हें त्यानें ओळखलें. १९३५ च्या मे महिन्यांत त्यानें इतर मालकांपुढें सूचना मांडली कीं, आदल्या हंगामांत जो संघ शेवटचा आला असेल त्यास निवडीचा पहिला मान द्यावा, आणि जो पहिला आला असेल त्यानें सर्वांच्या शेवटीं निवडावें. शिकागोचा जॉर्ज हॅलस आणि न्यूयॉर्कचा टिम मारा यांचे संघ बलाढ्य. या सूचनेनें तोटा झाला तर त्यांचाच होणार होता. तरीहि त्यांनीं मान्यता दिली. एकतर्फी सामन्यांस प्रेक्षक फिरकत नाहींत हें त्यांसहि ठाऊक होतें. शिवाय एका खेळाडूसाठीं दहा ठिकाणांहून बोली लागणें बंद झालें म्हणजे वेतनहि आटोक्यांत राहतें. अर्थात् समतेची ही व्यवस्था संघासंघांमधील होती. ज्या तरुणाचें नांव पुकारलें जाई त्यास मात्र आपला धनी निवडण्याची मोकळीक उरली नाहीं.

आतां त्या पहिल्या निवडीचें फळ पाहावें. सर्वांत प्रथम उच्चारलें गेलें तें जे बरवँगर याचें नांव. शिकागो विद्यापीठाचा हा खेळाडू. पुढें ‘हाइसमन ट्रॉफी’ या नांवानें प्रसिद्ध झालेलें पारितोषिक १९३५ सालीं सर्वप्रथम त्यासच मिळालें होतें. परंतु ईगल्सनीं त्याच्यावरील हक्क हॅलसच्या शिकागो संघास दिला, हॅलसशीं वेतनाचें जमलें नाहीं, आणि बरवँगर धंद्यांत शिरला. रबराच्या व प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या व्यवसायांत त्यानें चांगला जम बसविला. व्यावसायिक फुटबॉलचा एकहि सामना तो खेळला नाहीं. ज्या ८१ जणांचीं नांवें घेतलीं गेलीं त्यांपैकीं त्या वर्षीं अवघे २४ मैदानांत उतरले. ज्याच्या कल्याणासाठीं ही योजना निघाली त्या ईगल्स संघास तर आपल्या नऊपैकीं एकासहि करारानें बांधतां आलें नाहीं, आणि त्या हंगामांत तो १२ पैकीं ११ सामने हरला.

उलट बाजूहि तितकीच बोलकी आहे. शिकागोनें नवव्या म्हणजे शेवटच्या फेरींत ७८ वें नांव घेतलें तें डॅन फोर्टमन याचें. हा फोर्टमन खेळतां खेळतां वैद्यकाचा अभ्यास करून डॉक्टर झाला, आणि खेळाडू म्हणून इतका नांवाजला कीं व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यास स्थान मिळालें. चौथ्या फेरींत ब्रुकलिननें निवडलेला पॉल ब्रायंट व्यावसायिक म्हणून कधींच खेळला नाहीं. परंतु शिक्षक म्हणून त्यानें अलाबामा विद्यापीठाच्या संघास सहा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें. त्या ८१ जणांमध्यें तो कोणाहून कमी कीर्तिमान् ठरला असें म्हणवणार नाहीं. मात्र ज्या कामासाठीं त्यास निवडलें होतें तें काम त्यानें केलेंच नाहीं.

परंतु सर्वांत मोठी चूक फळ्यावर लिहिलेल्या नांवांची नव्हती. न लिहिलेल्या नांवांची होती. १९३४ पासून १९४५ पर्यंत या व्यावसायिक मंडळांत एकहि कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा केनी वॉशिंग्टन हा १९३९ सालीं देशांतील अग्रगण्य खेळाडू होता. परंतु पुढच्या निवडींत त्याचें नांव कोणीहि घेतलें नाहीं. क्लीव्हलंडचा ‘रॅम्स’ संघ १९४६ सालीं लॉस एंजेलिसला आला तेव्हां, सार्वजनिक मैदान हवें असेल तर हा वर्णभेद सोडा, असा आग्रह तेथें धरला गेला, आणि तेव्हां कोठें वॉशिंग्टनला प्रवेश मिळाला. त्यावेळीं त्याचे गुडघे दुखापतींनीं निकामी होत आले होते. तीन हंगाम खेळून तो निवृत्त झाला. निवडीच्या यादींत कृष्णवर्णीय खेळाडूचें नांव पुकारलें गेलें तें १९४९ मध्यें, जॉर्ज टालियाफेरो याचें, आणि तेंहि तेराव्या फेरींत. ज्यांची परीक्षाच घेतली गेली नाहीं त्यांचा क्रमांक मागाहून कोणत्याहि हिशेबानें लावतां येत नाहीं.

परीक्षकांची नजर चुकण्याचीं पुढील उदाहरणें अधिक प्रसिद्ध आहेत. १९५५ मध्यें पिट्सबर्गनें नवव्या फेरींत, १०२ व्या क्रमांकावर, जॉनी युनायटस यास निवडलें आणि हंगाम सुरू होण्यापूर्वींच काढून टाकलें. तो सामन्यामागें ६ डॉलरवर एका हौशी संघांत खेळूं लागला. पुढील वर्षीं बाल्टिमोरनें त्यास बोलाविलें. आणि १९५८ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कविरुद्ध जादा वेळांत २३-१७ असा जिंकलेला जो अंतिम सामना अमेरिकन लोक अजून आठवितात, त्यांतील विजयी सूत्रधार हा युनायटसच होता. १९५६ मध्यें ग्रीन बे या लहानशा गांवाच्या संघानें सतराव्या फेरींत २०० वा म्हणून घेतलेला बार्ट स्टार यानें त्या गांवास पांच वेळां अजिंक्यपद मिळवून दिलें.

या चुका अपुऱ्या माहितीमुळें झाल्या असें समजून पुढील काळांत माहिती गोळा करण्याचा मोठाच खटाटोप झाला. गांवोगांव फिरणारे पारखी नेमले गेले, गणकयंत्रें आलीं. १९८७ पासून इंडियानापोलिस शहरीं दरवर्षीं शेंकडों उमेदवारांस एकत्र बोलावून त्यांची उंची, वजन, तळहाताची लांबी, ४० यार्ड धांवण्यास लागणारा वेळ आणि उभ्या उडीची उंची हीं सारीं मोजलीं जातात. अनेक वर्षें बुद्धिमापनाची लेखी चांचणीहि घेतली जात असे. एवढें करूनहि १९९८ सालीं जाणत्यांत वाद होता कीं, पेटन मॅनिंग श्रेष्ठ कीं रायन लीफ. मॅनिंग पहिला निवडला गेला व लीफ दुसरा. मॅनिंगनें पांच वेळां सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविला. लीफ अवघे २५ सामने खेळला, आणि त्याचे १४ चेंडू गुणरेषेपार झेलले गेले तर ३६ प्रतिपक्षाच्या हातीं पडले. दोघांमधील क्रमांकाचें अंतर एकाचें होतें.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, २००० सालीं, मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी हा सहाव्या फेरींत १९९ वा निवडला गेला. अंगानें सडपातळ, ४० यार्ड धांवण्यास त्यास ५.२८ सेकंद लागले, आणि या खेळांत ती गति मंदच समजली जाते. त्याच्या आधीं त्याच जागेचे सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. ब्रेडी हा ज्या सॅन फ्रान्सिस्को भागांत वाढला तेथील संघानेंहि तिसऱ्या फेरींत दुसराच एक सूत्रधार निवडला. त्याच्या वाट्यास हंगामांतील एकहि अधिकृत सामना आला नाहीं. ब्रेडीस घेणाऱ्या न्यू इंग्लंडच्या संघाची दूरदृष्टि पुढें वाखाणली जाते. परंतु त्या संघानेंहि त्याच्या आधीं सहा खेळाडू निवडले होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ब्रेडी पुढें कोण होणार हें त्यासहि ठाऊक असतें, तर तो सहा वेळां थांबला नसता.

न्यू इंग्लंडचा मुख्य सूत्रधार त्यावेळीं ड्रू ब्लेडसो हा होता, आणि तो १९९३ च्या निवडींतील पहिल्या क्रमांकाचा मानकरी. २००१ च्या सप्टेंबरांत त्यास गंभीर दुखापत झाली व त्याच्या जागीं ब्रेडी उभा राहिला. २००२ च्या फेब्रुवारींत तो संघ अंतिम सामन्यास पोंचला. समोर सेंट लुईसच्या संघाचा सूत्रधार होता कर्ट वॉर्नर. हा तर १९९४ च्या निवडींत कोणाकडूनच घेतला गेला नव्हता. मध्यंतरीं तो आयोवांतील एका किराणा दुकानांत रात्रीं फळ्यांवर माल लावण्याचें काम करीत असे. त्या दिवशीं १९९ वा आणि बिनक्रमांकाचा असे दोघे मैदानांत आपापले संघ चालवीत होते, आणि पहिल्या क्रमांकाचा मानकरी बांकावर बसून पाहत होता. न्यू इंग्लंडचा संघ २०-१७ असा जिंकला. पुढें ब्रेडीनें एकंदर सात अंतिम सामने जिंकले.

मग ही निवड म्हणजे केवळ सोडत आहे काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. मॅनिंग पहिलाच होता; १९८३ सालीं पहिला निवडलेला जॉन एल्वे हाहि कीर्तिमंदिरांत गेला. एकंदरीनें पाहतां आधीं निवडलेले खेळाडू मागाहून निवडलेल्यांपेक्षां सरसच ठरतात. कॅड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन विद्वानांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हाच प्रश्न बारकाईनें तपासला आहे. त्यांपैकीं थेलर यांस पुढें २०१७ मध्यें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांना असें दिसलें कीं, एकाच जागेवर खेळणाऱ्या आणि लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकीं आधींचा पुढें अधिक चांगला ठरण्याचा संभव शेंकडा ५२ च्या आसपास आहे. नाणें उडविलें तरी शेंकडा ५० हातीं लागतातच. आणि त्या उरलेल्या दोनांसाठीं संघ आपल्या भावी वर्षांच्या निवडीचे हक्क उधळून यादींत वर सरकत असतात. तेव्हां पारख्यांचें ज्ञान खोटें नाहीं. त्या ज्ञानावरील त्यांचा विश्वास मात्र अवाजवी आहे.

याचें कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. धांव मोजतां येते, उंची मोजतां येते. पण चार धिप्पाड गडी अंगावर धांवून येत असतां मन स्थिर ठेवण्याची शक्ति कोणत्याहि फुटपट्टीनें मोजतां येत नाहीं. शिवाय तरुण कोणाच्या हाताखालीं पडतो, त्यास शिकण्यास किती वेळ मिळतो, आणि वरच्या मनुष्याची जागा केव्हां रिकामी होते, या गोष्टी त्या तरुणाच्या अंगीं नसतातच. त्या निवडीनंतर घडतात. दुबळ्या संघास पहिला मान देण्याच्या नियमानें तर सर्वांत आशादायक तरुण बहुधा सर्वांत विस्कळित घरीं जाऊन पडतो.

यादींतील अगदीं शेवटच्या खेळाडूस अमेरिकन लोक थट्टेनें ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’, म्हणजे ‘बिनमहत्त्वाचे गृहस्थ’, म्हणतात आणि १९७६ पासून त्याचा लुटुपुटीचा सत्कारहि करतात. २०२२ सालीं हा मान २६२ वा निवडलेल्या ब्रॉक पर्डी यास मिळाला. त्याच्या सॅन फ्रान्सिस्को संघानें आदल्याच वर्षीं तीन वर्षांचे पहिल्या फेरींतील हक्क खर्चून तिसऱ्या क्रमांकावर एक सूत्रधार घेतला होता. २०२३ च्या ऑगस्टांत तो दुसऱ्या संघास चौथ्या फेरींतील एका हक्काच्या मोबदल्यांत देण्यांत आला, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत अंतिम सामन्यांत संघ चालविला तो पर्डीनें. सामना २५-२२ असा हातचा गेला. तथापि त्यास बिनमहत्त्वाचा म्हणण्याची सोय राहिली नाहीं.

बर्ट बेलची योजना संघांची बरोबरी साधण्यासाठीं होती, आणि त्या दृष्टीनें तिनें आपलें काम केलें. माणसांची किंमत ठरविण्याचें काम तिच्याकडे कोणी सोंपविलें नव्हतें. तें लोकांनीं मागाहून तिच्या गळ्यांत घातलें. ज्या घरांत परीक्षेचा निकाल लागल्याच्या दिवशीं मुलाच्या क्रमांकावरून त्याच्या साऱ्या आयुष्याचा निर्णय होतो, त्या घरानें हा दूरदेशचा हिशेब एकदां अवश्य पाहावा. एकवीस वर्षांच्या मुलास कोणत्या दारानें आंत यावयाचें एवढेंच क्रमांक सांगतो. आंत आल्यावर तो काय करील हें समजण्यास दहा-पंधरा वर्षें वाट पाहावी लागते, आणि दार उघडेंहि ठेवावें लागतें.