तांबड्या प्रकाशाचे वैद्यक

देवीचा रोग आता पृथ्वीवर उरलेला नाही. भारतातील शेवटचा रुग्ण 1975 साली आढळला आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्यामुळे देवी आलेल्या मुलाच्या उशापायथ्याशी पूर्वी काय काय केले जात असे, हे आजच्या पिढीला ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याकडे कडुनिंबाचे डहाळे लागत. युरोपात आणि जपानात मात्र भरवसा असे तो तांबड्या रंगावर. चौदाव्या शतकातील जॉन ऑफ गॅड्सडन या इंग्लिश वैद्याने राजपुत्राला देवी आल्या तेव्हा त्याला तांबड्या कापडात गुंडाळविले, बिछान्याभोवती सर्व काही तांबडे ठेवविले आणि मुलाच्या अंगावर व्रण राहिले नाहीत असे मोठ्या समाधानाने लिहून ठेवले. जपानात तर अशा मुलांच्या खोलीत लावण्यासाठी केवळ तांबड्या रंगात छापलेली चित्रे मिळत असत.

ही जुनी हकीकत आज आठवण्याचे कारण असे की, तांबडा रंग पुन्हा एकवार घराघरांत शिरू लागला आहे. ‘रेड लाइट थेरपी’ या नावाने तांबड्या दिव्यांचे तक्ते, चेहऱ्यावर घालावयाचे मुखवटे, गुडघ्याला बांधावयाचे पट्टे आणि डोक्यावर घालावयाच्या टोप्या बाजारात आल्या आहेत. सुरकुत्या, सांधेदुखी, केस गळणे, झोप न लागणे, थकवा, या साऱ्यांवर एकच दिवा चालतो असे विक्रेते सांगतात. श्रोतेहो, एका उपायाने इतक्या तक्रारी दूर होतात असे ऐकले की इतिहास शिकविणाऱ्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की असे पूर्वी कोणी सांगितले होते काय? सांगितले होते, आणि ते सर्वांत मोठ्या आवाजात सांगणारा गृहस्थ आपल्या मुंबईचा होता.

परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वी एका डॅनिश डॉक्टरची ओळख करून घेतली पाहिजे. नील्स फिन्सेन यांचा जन्म 1860 साली फेरो बेटांवरील तोर्सहाव्न येथे झाला. प्रकृती तरुणपणापासूनच खालावलेली. छपरावर बसलेले मांजर सावली सरकेल तसतसे उन्हाकडे सरकत जाते हे पाहून त्यांना प्रकाशाच्या परिणामांचे कुतूहल वाटू लागले, असे सांगतात. 1893 साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, सूर्यप्रकाशातील निळ्या, जांभळ्या आणि त्यांच्याही पलीकडच्या किरणांनी देवीच्या फोडांत पू अधिक होतो; म्हणून रुग्णाच्या खिडक्यांना दाट तांबडे पडदे लावून हे किरण बाहेरच अडवावेत. म्हणजे तांबडा प्रकाश रोग बरा करतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. छायाचित्रकार आपल्या काळोख्या खोलीत तांबडा दिवा ठेवतो तो ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी त्यांना तो हवा होता. या सूक्ष्म फरकाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. ‘तांबड्या खोल्या’ युरोपातील अनेक इस्पितळांत निघाल्या, आणि पुढे इतर डॉक्टरांनी काळजीपूर्वक तपासणी केली तेव्हा त्यांचा विशेष उपयोग दिसून आला नाही.

फिन्सेन यांना कीर्ती मिळाली ती दुसऱ्याच कामामुळे. त्वचेचा क्षय हा त्या काळी चेहरा कुरतडून टाकणारा भयंकर रोग होता. 1895 साली त्यांनी कोपनहेगनच्या वीजकंपनीत अशा एका रुग्णावर विजेच्या कमानदिव्याचा प्रकाश टाकण्यास आरंभ केला आणि दुसऱ्याच वर्षी तेथे प्रकाशोपचाराची संस्था उभी राहिली. तेथील पद्धत पाहण्यासारखी होती. स्फटिकाच्या भिंगांतून प्रकाश एकवटावयाचा, पाण्याने त्यातील उष्णता काढून घ्यावयाची, एका परिचारिकेने स्फटिकाची चकती त्वचेवर दाबून तेथील रक्त बाजूस सारावयाचे आणि मग नाण्याएवढ्या जागेवर तासभर तो प्रकाश पाडावयाचा. दुसऱ्या दिवशी शेजारची जागा. असे महिनोन् महिने. शेकडो चेहरे या कष्टाने वाचले. 1903 साली फिन्सेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. यातील खरी गंमत शंभर वर्षांनी उघडकीस आली. 2005 साली डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी भिंगे तपासली, तेव्हा ज्या लघुतरंगी अतिनील किरणांना सारे श्रेय दिले जात होते ते या भिंगांतून पलीकडे जातच नाहीत असे आढळले. जंतूंच्या अंगच्या काही रंगद्रव्यांवर इतर किरणांचा परिणाम होऊन ते मरत असावेत, असा आता तर्क आहे. उपचार खरा होता. त्याची उपपत्ती मात्र निराळीच निघाली. विज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते आणि त्यात फिन्सेन यांना उणेपणा नाही, कारण त्यांनी एक रोग निवडला, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली आणि त्या रोगापलीकडे नसता दावा केला नाही.

आता आपल्या मुंबईकराकडे वळू. दिनशा घडियाली यांचा जन्म 1873 साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. बुद्धी चौफेर, विजेच्या यंत्रांची आवड अतोनात आणि बोलणे असे की ऐकणाऱ्याने गुंग व्हावे. त्यांनी स्वतः लिहिल्याप्रमाणे 1897 साली एका मित्राच्या नात्यातील तरुण स्त्री आतड्याच्या विकाराने मरणोन्मुख झाली होती. घडियालींनी रंगप्रकाशाच्या उपचारांवरील अमेरिकन ग्रंथ वाचले होते. एडविन बॅबिट यांचे त्या विषयावरील मोठे पुस्तक 1878 सालचे. त्यांनी घासलेटचा कंदील घेतला, त्यापुढे जांभळट रंगाची लोणच्याची बाटली धरली, तो प्रकाश त्या स्त्रीवर पाडला आणि तशाच बाटलीत दूध भरून, उन्हात ठेवून तिला पाजले. तीन दिवसांत ती उठून बसू लागली, असे ते म्हणत. आपल्याकडे अद्यापही काही घरांच्या गच्चीवर रंगीत बाटल्यांतून पाणी उन्हात ठेवलेले दिसते. सूर्यकिरण चिकित्सेच्या नावाने चालणाऱ्या या प्रघाताचे मूळ सगळेच प्राचीन आहे असे समजण्याचे कारण नाही. त्यात एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचाही वाटा आहे.

1911 साली घडियाली अमेरिकेस गेले, 1917 साली तेथील नागरिक झाले आणि 1920 साली त्यांनी ‘स्पेक्ट्रोक्रोम’ नावाचे यंत्र लोकांपुढे आणले. यंत्र म्हणजे एक पेटी. आत 1000 वॉटचा दिवा आणि पुढे सरकवण्यासाठी रंगीत काचा. पाच काचांच्या जुळणीतून बारा रंग मिळत. रोग्याने अंधाऱ्या खोलीत वस्त्रे उतरून, उत्तरेकडे डोके करून पडावयाचे आणि ठरलेल्या घटकेला ठरलेला रंग अंगावर घ्यावयाचा. घटका काढण्यासाठी वेगळे कोष्टक. तांबडा रंग यकृतास चेतना देतो आणि रक्त वाढवितो, असे त्यांचे शास्त्र सांगे. औषध नको, शस्त्रक्रिया नको, डॉक्टरही नको. यंत्र घरी न्या आणि स्वतःच बरे व्हा. हजारो लोकांनी ते नेले.

हा निव्वळ भामटेपणा होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या इस्पितळातील ज्येष्ठ शल्यविशारद डॉ. केट बॉल्डविन यांनी हे यंत्र भाजलेल्या रुग्णांवर वापरले आणि त्याची मुक्त कंठाने प्रशंसा केली. 1931 साली बफेलो येथे घडियालींवर फसवणुकीचा खटला झाला तेव्हा त्या साक्षीला उभ्या राहिल्या आणि ते निर्दोष सुटले. त्या काळच्या कायद्यात औषधांवर बंधने होती, यंत्रांवर नव्हती. ती 1938 च्या नव्या कायद्याने आली.

त्या कायद्याखाली न्यूजर्सीतील कॅम्डेन येथे चाललेल्या खटल्याचा निकाल 1947 साली लागला. तेथे जे उघड झाले ते वाचताना मन विषण्ण होते. घडियालींच्या ग्रंथात बरे झालेले म्हणून ज्यांची नावे छापली होती, त्यांतील काही व्यक्तींना सरकारने शोधून न्यायालयापुढे आणले. ज्या अपस्माराचे झटके थांबले असे छापले होते, तो साक्षीदार साक्ष देत असतानाच झटका येऊन कोसळला. एका मुलाने आपल्या वडिलांची हकीकत सांगितली. त्यांना मधुमेह होता; यंत्र घरी आल्यावर त्यांनी इन्शुलिन सोडले आणि काही आठवड्यांतच ते मरण पावले. त्या पेटीतील दिव्याने कोणाला भाजले नाही, आंधळे केले नाही. ती पेटी मारीत होती ती अशी, की घरात ती असल्यामुळे खरा उपचार दाराबाहेर राहत होता. घडियालींना 20,000 डॉलर दंड झाला, पाच वर्षे न्यायालयाच्या देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली आणि त्यांचे साहित्य नष्ट करण्याचा हुकूम झाला. तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही. 1953 साली त्यांनी नव्या नावाने संस्था काढली आणि 1966 साली ते निवर्तले, तोपर्यंत त्यांचे म्हणणे तेच होते. मला वाटते, त्यांचा स्वतःवर पुरा विश्वास होता. रोग्याला त्याचा काय उपयोग?

घडियालींच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, 1967 साली, बुडापेस्टमध्ये एक प्रयोग झाला. एन्द्रे मेस्तर हे डॉक्टर माणकाच्या लेझरचा तांबडा किरण उंदरांवर टाकून गाठी विरतात काय ते पाहत होते. गाठी विरल्या नाहीत. त्यांचा लेझर फार दुबळा होता. परंतु ज्या जागेचे केस प्रयोगासाठी भादरले होते तेथे, किरण पडलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. पुढे जखमाही लवकर भरतात असे त्यांना दिसले. आजच्या साऱ्या तांबड्या दिव्यांचा वंश या उंदरांपासून सुरू होतो. पेशींमधील मायटोकाँड्रियात एक विकर असते. ते तांबडे आणि त्यालगतचे अवरक्त किरण शोषून घेते आणि त्यामुळे पेशीला अधिक ऊर्जा मिळते, असे मानले जाते. आपल्या इंदूरला या शास्त्राचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. सुखनिवासच्या बाजूस 1984 साली ज्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली आणि ज्याला आता राजा रामण्णा यांचे नाव आहे, तेथील शास्त्रज्ञांनी हीलियम-निऑन लेझरच्या तांबड्या किरणाचा पेशींवर काय परिणाम होतो याचा अभ्यास केलेला आहे.

या उपचाराचा सर्वांत भक्कम पुरावा एका दुःखद जागी आहे. तंबाखू आणि गुटखा यांमुळे आपल्याकडे तोंडाचा कर्करोग किती, हे सांगावयास नको. किरणोपचार आणि औषधे चालू असताना अशा रुग्णाचे तोंड आतून इतके सोलवटते की पाण्याचा घोटही गिळवत नाही. मणिपालच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 221 रुग्ण होते; निम्म्यांना दररोज तांबड्या लेझरचा किरण तोंडात दिला, निम्म्यांना केवळ तसा आभास केला, आणि कोणाला काय दिले हे रुग्णाला वा तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. खऱ्या किरणाच्या गटात वेदना आणि व्रण स्पष्टपणे कमी होते. आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही या उपचाराला स्थान आहे.

मात्र तेथे किरणाची तरंगलांबी, शक्ती आणि सेकंद ठरलेले असतात. हा प्रकाश थोडा पडला तर काही होत नाही आणि फार पडला तर होणारा लाभही नाहीसा होतो. घरच्या तक्त्यासमोर मनुष्य आज एक हात अंतरावर बसतो, उद्या तीन हात. मात्रा किती पडली हे कोण मोजणार? केसांसाठी असलेल्या एका लेझर-कंगव्याला 2007 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विक्रीची मोकळीक दिली, हे खरे. पण ती त्या एका साधनाला, त्या एका कामापुरती होती. तिच्या आधारे झोपेची आणि यकृताची ग्वाही देता येत नाही. शिवाय शेकण्याचा जो जुना तांबडा बल्ब अनेक घरांत असतो, तो वेगळा. त्याचे काम उष्णतेचे आहे, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला तो भाजला तरी कळत नाही.

मला हा विषय अभ्यासावा लागला तो एका विद्यार्थिनीच्या वडिलांमुळे. मुलीच्या चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो. कोणीतरी त्यांना सांगितले होते की, तांबड्या प्रकाशात पाहावयाचे यंत्र घरी आणले तर नंबर थांबतो. ही बातमी खोटी नव्हती. चीनमध्ये 264 मुलांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुले घरी दिवसातून दोनदा तीन-तीन मिनिटे अशा यंत्रात पाहत. वर्षभरात त्यांच्या डोळ्यांची लांबी इतरांपेक्षा बरीच कमी वाढली. पण 2023 साली तेथूनच एका बारा वर्षांच्या मुलीची हकीकत आली. पाच महिने यंत्र वापरल्यावर तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली होती आणि यंत्र थांबविल्यावर दृष्टी अंशतःच परतली. जुलै 2024 पासून चीनने ही यंत्रे सर्वांत कडक देखरेखीच्या वर्गात घातली आहेत. त्या वडिलांना मी हे दोन्ही सांगितले, आणि तिसरेही सांगितले. ग्वांगझोच्या शाळांत तीन वर्षे मुलांना दररोज 40 मिनिटे अधिक बाहेर, उघड्या उजेडात ठेवले, तेव्हा नव्याने चष्मा लागण्याचे प्रमाण 39.5 टक्क्यांवरून 30.4 टक्क्यांवर आले. 2015 साली हे प्रसिद्ध झाले. त्याला यंत्र लागत नाही. ते हसले आणि शाळेतच हे का करीत नाही, असे त्यांनी विचारले. आमच्याकडे मैदानाचा तास आठवड्यातून दोनदा असतो, आणि सहामाही परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो.