चक्रगती एंजिनातील ज्वलन : प्रतिरूप आणि प्रत्यक्ष

फेलिक्स वांकेल यांनी कल्पिलेले चक्रगती एंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी जर्मनीतील एन. एस. यू. कारखान्यात प्रथम चालले. दट्ट्याऐवजी त्यात त्रिकोणी रोटर फिरतो. म्हणून कंपन अल्प असते. परंतु ज्वलनकक्ष लांबट व चपटा असल्याने ज्योत मागील टोकास पोहोचण्यापूर्वीच काही मिश्रण न जळता बाहेर पडते. ही आतील घडामोड डोळ्यांस दिसत नाही. म्हणून १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नासाच्या लुईस केंद्राच्या पुढाकाराने संगणकावर त्रिमितीय गणित मांडले गेले : कक्षाचे सूक्ष्म भाग कल्पून प्रत्येकातील वायूचा वेग, दाब व तापमान क्षणोक्षणी काढावयाचे.

एंजिन लहान होताच प्रश्न पालटतो. लांबी निम्मी केली असता घनफळ अष्टमांश, परंतु पृष्ठभाग चतुर्थांश उरतो. भिंतींवाटे उष्णता त्वरेने निघून जाते. फटी मात्र त्या प्रमाणात लहान करता येत नाहीत. बर्कली येथे या शतकाच्या आरंभी घडविलेल्या, सुमारे एक सेंटिमीटर रोटराच्या एंजिनांत गळती हीच मोठी अडचण ठरली.

व्याकरणाप्रमाणेच प्रतिरूपाचे मोलही त्याने काय वगळले यावरून ठरते. कक्ष पूर्णतः बंद मानणारे गणित सुबक असेल. पण ते दुसऱ्याच एखाद्या एंजिनाचे वर्णन होय.