लेणें आणि पोढी

आपल्याकडील इतिहासाचा विद्यार्थी प्राचीन शिलालेख वाचतो तो राजांचीं नांवें आणि युद्धांचे काल शोधण्यासाठीं. तो लेख मुळीं कशाच्या निमित्तानें कोरला गेला, याकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. सातवाहन आणि पश्चिमेकडील क्षत्रप या दोन घराण्यांच्या सोयरिकीचेंच उदाहरण घ्या. ही सोयरीक आपणांस कळते ती मुख्यतः दोन लेखांवरून. एक जुनागडजवळ गिरनारच्या वाटेवरील खडकावरचा, महाक्षत्रप रुद्रदामन् याचा, इ. स. १५० च्या सुमाराचा; दुसरा साष्टींतील कान्हेरीचा. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोन वेळां जिंकूनहि जवळच्या संबंधामुळें आपण त्याचा उच्छेद केला नाहीं, असें रुद्रदामन् पहिल्यांत सांगतो. परंतु तो लेख आहे सुदर्शन तलावाचा वादळांत फुटलेला बांध पुन्हां घातल्याचा. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक राजवंशांतील, महाक्षत्रपाची कन्या, असें कान्हेरीचा लेख म्हणतो. आणि तो आहे शतेरक नांवाच्या अमात्यानें दिलेल्या पाण्याच्या टाक्यावरचा. राणीचें नांव आज त्यांत वाचावयास मिळत नाहीं. टाकें देणाऱ्या अमात्याचें मात्र मिळतें.

एवढा मोठा राजकीय निष्कर्ष दोन पाणसाठ्यांच्या कांठीं उभा असावा, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाहीं. ज्या प्रदेशांत पाऊस चार महिने कोसळतो आणि आठ महिने तोंड दाखवीत नाहीं, तेथें पाणी सांठवून देणें ही राजकुळांनाहि मिरविण्याजोगी गोष्ट होती.

कान्हेरी वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. बोरिवलीकडून डोंगर चढावयाचा, मोठ्या चैत्यगृहाचे खांब आणि त्याच्या ओसरींतील दोन प्रचंड बुद्धमूर्ति पाहावयाच्या, फराळ करावयाचा आणि परत फिरावयाचें, असा बहुतेक मंडळींचा रिवाज आहे. त्यांनीं जरा खालीं पाहिलें तर निराळाच इतिहास दिसेल. या डोंगरावर शंभरांहून अधिक लेणीं आहेत आणि त्यांतील कितीतरी लेण्यांच्या दाराशीं, ओसरीच्या एका अंगास, खडकांत खोदलेलें टाकें आहे. डोंगराच्या पाठीवर पडणारें पावसाचें पाणी खडकांत कोरलेल्या पन्हळींनीं वळवून त्यांत सोडलेलें असतें. टाक्याचें तोंड लहान, पण आंतून तें खडकाखालीं चांगलें ऐसपैस पसरलेलें. यांत खोदणाराचें शहाणपण आहे. पाण्यास ऊन लागत नाहीं, म्हणून तें फारसें उडून जात नाहीं आणि शेवाळहि कमी धरतें. पालापाचोळा पडावयास जागा थोडी. शिवाय अंगणाची फरशी तीच टाक्याचें छप्पर झाल्यामुळें चालण्याबसण्याची जागा अडत नाहीं.

तत्कालीन प्राकृतांत अशा टाक्यास ‘पोढी’ किंवा ‘पाणियपोढी’ म्हणत. नाशिक, जुन्नर, कान्हेरी येथील दानलेखांत लेणें आणि पोढी हीं एकत्र दिल्याचे उल्लेख वारंवार येतात. आमच्या मतें या जोडशब्दांतच सारें आलें. टाकें ही मागाहून केलेली सोय नव्हे. दार किंवा ओटा जसा घराचा भाग, तशीच पोढी. आणि देणारे सारेच कांहीं अमात्य नव्हते. कल्याणच्या स्वामिदत्त नांवाच्या सोनारानें दिलेली पोढी कान्हेरीस आहे. त्याची पोढी आणि शतेरकाचें टाकें एकाच पावसानें भरत!

आतां थोडें गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. मुंबईच्या उपनगरांत वर्षास २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरांच्या छपरावर दोन लाख लिटर. पांच माणसांच्या कुटुंबास रोज ५०० लिटर धरले, तर कोरड्या २४० दिवसांस १,२०,००० लिटर पुरतील. तेव्हां पावसाची वाण नाहीं. वाण आहे ती जागेची. एवढें पाणी ठेवावयास १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असा हौद पाहिजे, आणि तो बांधावयाचा तर दुसरें घरच बांधल्यासारखें झालें. लेणें खोदणारांस ही अडचण नव्हती. हातांत छिन्नी होतीच, आणि ज्या खडकांतून घर काढावयाचें त्याच खडकांतून हौद निघे.

हीच दृष्टि पुढें आपल्या गिरिदुर्गांवर दिसते. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्य स्पष्ट सांगतात कीं, गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, नसेल तर आधीं खडक फोडून टाकीं करावीं. झरा असला तरी त्यावर विसंबूं नये, कारण लढाईंत तोफांच्या आवाजानें झरे आटतात. हें कारण भूगर्भशास्त्रज्ञांस कितपत पटेल तें असो; सल्ला पक्का आहे.

मुंबईनें मात्र निराळी वाट धरली. १८६० सालीं विहार आणि १८७९ सालीं तुळशी हे तलाव झाले, तेहि याच डोंगरांत. पाऊस तोच, परंतु तो आतां नळानें दूरच्या घरीं जाऊं लागला आणि घराचा व पोढीचा संबंध सुटला. २००२ सालीं मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींस पावसाचें पाणी धरण्याची सोय सक्तीची झाली, तेव्हां तो कायद्यानें पुन्हां जोडावा लागला.

कान्हेरीस एके काळीं किती भिक्षु राहत असतील याचा अंदाज पुष्कळदां खोल्या आणि दगडी ओटे मोजून बांधतात. आम्हांस वाटतें, टाकीं मोजावींत. पावसाळ्यांत कितीहि माणसें मावतील. वैशाखांत मात्र पाणी पुरेल तितकींच. तीन मीटर लांब, तितकेंच रुंद आणि दोन मीटर खोल टाक्यांत १८,००० लिटर राहतात, म्हणजे आठ महिने रोज ७५ लिटर. कोणा तरुण अभ्यासकानें दिवाळीनंतर एकदां आणि मृगापूर्वीं एकदां काठी घेऊन प्रत्येक टाक्याची पातळी पाहिली, तर कोणतें टाकें अजून पाणी धरतें आणि कोणतें फुटलें, हेंहि त्याच फेरींत कळेल.