मोटेचें चाक आणि विमानाची कप्पी

यंत्रांचा इतिहास सांगतांना मोठ्या शोधांचीं नांवें पुढें येतात आणि लहान साधनें मागें राहतात. विमानाच्या इतिहासांत कप्पीची अशीच उपेक्षा झाली आहे. एंजिन आणि पंख यांचा महिमा सर्वांस ठाऊक असतो. परंतु वैमानिकाच्या हाताची आज्ञा दूरच्या शेपटीपर्यंत पोंचते कशी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचें उत्तर शोधण्यास परभणीकडील जुन्या विहिरीपासून आरंभ केला तरी चालेल.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या या काळ्या मुलखांत, तेलाचीं एंजिनें व विजेचे पंप येण्यापूर्वीं, विहिरीवरील बागाईत मोटेनें भिजे. मोटेला दोर दोन असत. जाड नाडा उंच बसविलेल्या चाकावरून जाई व भरल्या मोटेचा भार ओढी. दुसरा बारीक दोर, ज्यास सोल म्हणत, तो खालच्या कण्यावरून जाऊन मोटेची सोंड धरून ठेवी. मोट काठाशीं आली कीं याच दोराच्या ओढीनें सोंड थारोळ्यांत पसरे आणि पाणी आपोआप पाटास लागे.

या दोन दोरांत यंत्रशास्त्राचे दोन धडे आहेत. चाक जागच्या जागीं फिरणारें असल्यामुळें बैलांचें बळ त्यानें वाढत नसे; बळाची दिशा तेवढी बदले. बैल उतरत्या धावेवरून खालीं जात आणि मोट वर येई. दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. बारीक दोरावर मुख्य भार नसे. तरी पाणी कोठें व केव्हां पडावें हें तोच ठरवी. विमानांतील कप्पी या दुसऱ्या दोराच्या कुळांतली आहे.

आकाशांत चढण्यापेक्षां तेथें तोल राखणें कठीण, हें आद्य उड्डाणकारांस प्राण देऊन शिकावें लागलें. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल स्वतःचें शरीर झुकवून ग्लायडर सांवरीत असे. १८९६ सालीं तो कोसळून मरण पावला. अमेरिकेच्या राइट बंधूंनीं हें काम शरीराच्या वजनाकडून काढून तारांकडे सोंपविलें. त्यांच्या १९०३ च्या विमानांत वैमानिक पालथा निजे. कंबरेखालचा पाळणा त्यानें डावीउजवीकडे सरकविला कीं कप्प्यांवरून गेलेल्या तारा पंखांचीं टोकें पिळीत व सुकाणूही त्याबरोबर वळे. १७ डिसेंबर रोजीं त्या विमानानें पहिल्या उड्डाणांत १२ सेकंदांत १२० फूट अंतर काटलें.

परभणी ज्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे, तेथें १९४५ सालीं डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. तिच्या ताफ्यांत डाकोटा विमानें होतीं. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ९५ फूट पंखांचें हें अवजड विमान वैमानिक केवळ हातापायांच्या बळानें वळवी. पोलादी तारांचे दोर कप्प्यांवरून वळणें घेत शेपटीपर्यंत व पंखांच्या झडपांपर्यंत जात, आणि वाऱ्याचा रेटा त्याच दोरांवाटे वैमानिकाच्या तळव्यास कळे. अशा दोरांस योग्य ताण लागतो. उंचावरील थंडींत ॲल्युमिनियमचें अंग पोलादापेक्षां अधिक आकसतें आणि दोर सैल पडूं लागतात. म्हणून मोठ्या विमानांत ताण राखणारीं साधनें बसवावीं लागतात.

या दोरांचें मोल ३ मार्च १९७४ रोजीं जगास कळलें. पॅरिसजवळ तुर्की एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचा मागील मालदरवाजा आकाशांत निखळला. दाबाच्या फरकानें केबिनची जमीन खचली, आणि तिच्याखालून जाणारे नियंत्रणाचे दोर निकामी झाले. पंख शाबूत असतांही विमान वैमानिकांच्या हातीं राहिलें नाहीं. ३४६ माणसें मेलीं.

१९८८ सालीं प्रवासी सेवेंत आलेल्या एअरबस ए-३२० मध्यें दोरांचें बहुतेक काम विजेच्या संदेशांकडे गेलें. बोइंग ७३७ च्या पोटांत मात्र दोर आणि कप्प्या अद्याप आहेत; तेलाच्या दाबावर चालणारीं यंत्रें आतां त्यांच्या मदतीस असतात, एवढेंच. परभणीच्या विहिरींवरून चाक व कणा नाहींसे झाले, यांत खंत करण्यासारखें कांहीं नाहीं. बैलांचे व माणसांचे कष्ट वांचले. परंतु भार ओढणाऱ्या दोराइतकाच त्यास वळण लावणारा दोरही महत्त्वाचा, ही त्या मोटकऱ्यांची जाण विमानविद्येस पुन्हां नव्यानें, आणि फार महाग किंमत देऊन, मिळवावी लागली.