कुत्र्याचा पासपोर्ट

लंडनजवळ राहणाऱ्या एका जुन्या वर्गमित्राचा मध्यंतरी फोन आला. बायको-मुलांसह आठ दिवस फ्रान्सला निघाला होता, घरचा कुत्राही बरोबर. म्हणाला, ‘‘अरे, माझ्या तिकिटाहून ह्याच्या कागदाला जास्त पैसे पडले!’’ मी हसलो. पण श्रोतेहो, या कागदामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पिसाळलेल्या कुत्र्यांची दहशत होती. १८८५ साली पॅरिसला लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या एका मुलाला लस टोचून वाचवले. पण ती लस चावा बसल्यानंतरची. रोग देशातूनच हाकलायचा तर काय करायचे? १८९७ मध्ये कृषिमंत्री वॉल्टर लाँग यांनी दोन गोष्टी केल्या. देशातल्या कुत्र्यांना मुसकी बांधण्याची सक्ती, आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने अलग ठेवणे. कुत्री पाळणाऱ्यांनी लाँगसाहेबांना शिव्याशाप दिले. पण १९०२ साली ब्रिटनमधून रेबीज गेला.

मग पहिले महायुद्ध आले. परतणाऱ्या काही सैनिकांनी जीव लागलेली कुत्री चोरून मायदेशी आणली. त्यांत रेबीजही आला. १९१८ मध्ये परतलेला तो रोग पुन्हा घालवायला १९२२ उजाडले. माया खरी होती, पण तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

त्यानंतर सहा महिन्यांचा पिंजरा कायम राहिला. मुक्कामाचा खर्च मालकाने सोसायचा, आणि विरह कुत्र्याने. १९९७ मध्ये हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनाही व्हिस्की आणि सोडा या आपल्या दोन कुत्र्यांसाठी हाच पेच पडला. पिंजऱ्याविरुद्धच्या मोहिमेला त्यांनी पाठिंबा दिला.

२८ फेब्रुवारी २००० रोजी पिंजऱ्याला पर्याय मिळाला. ठरावीक देशांतून येणाऱ्या कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप, रेबीजची लस, रक्ताची तपासणी आणि पशुवैद्याचा दाखला लागे. २००४ पासून युरोपीय संघात कुत्र्याचा पासपोर्टच निघाला. लस वेळेवर टोचत राहिलात, तर तीच पुस्तिका वर्षानुवर्षे चाले.

मग ब्रेक्झिट झाले. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये दिलेले ते पासपोर्ट युरोपात चालेनासे झाले. दर फेरीला नवा आरोग्य-दाखला, तोही प्रवेशाआधी दहा दिवसांच्या आत काढलेला. त्याला सरकारी दर नाही, जनावरांचा डॉक्टर सांगेल ती फी. शंभर पौंड, दीडशे, कुठे त्याहूनही अधिक.

आता गंमत पाहा. ३१ डिसेंबरच्या रात्री जो कुत्रा निरोगी होता, तोच सकाळीही निरोगी होता. चिप तीच, लस तीच. बदलली ती माणसांची सरहद्द. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाने कुत्र्यांचा प्रवास पुन्हा सोपा करायचे तत्त्वतः ठरवले, हीच त्याची कबुली म्हणायची.

मुंबईहून ब्रिटनला कुत्रा न्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. लस टोचल्यावर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि तो समाधानकारक निघाला तरी नमुन्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणे. खर्चही बराच. पण इथे मी कुरकुर करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रेबीजने वर्षाला सुमारे ५९ हजार माणसे मरतात, आणि त्यांतली जवळजवळ एक-तृतीयांश आपल्या देशात. त्यांत लहान मुले फार.

म्हणून मित्राला मी पुन्हा फोन केला. म्हटले, ‘‘बाबा रे, पावती नीट वाच. त्यातले काही पैसे रोगाला अडवण्यासाठी आहेत, ते आनंदाने दे. उरलेले सरहद्दीचे आहेत, त्यांच्यासाठी सरकारशी भांड.’’

तो म्हणाला, ‘‘पावतीवर तसं वेगळं लिहिलेलं नाही रे!’’

कधीच नसते. ते आपल्यालाच वाचावे लागते.