बैठकीची लावणी

लावणी हा शब्द उच्चारतांच ढोलकीचा कडकडाट, नऊवारी शालू आणि फडावरील शिट्ट्या यांचेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु सातारा-सांगलीच्या मुलखांत लावणीचें दुसरेंहि एक घर होतें. तें म्हणजे बैठक. एक लहानशी खोली, खालीं अंथरलेलें जाजम, मोजके रसिक, पेटी आणि तबला. एवढ्याच सामग्रीवर तेथें रात्र रंगत असे.

बैठकींत गाणारी स्त्री बसूनच लावणी म्हणे. लय संथ, चाल रागदारीच्या अंगानें जाणारी. ठुमरीप्रमाणें एकच ओळ ती पुनःपुन्हां घेई आणि प्रत्येक वेळीं तिचा निराळा अर्थ दाखवी. एकदां त्या ओळींत रुसवा दिसे, एकदां विनवणी, तर एकदां निव्वळ थट्टा. हें काम डोळ्यांचें व बोटांचें. यालाच अदा म्हणतात. हजारोंच्या गर्दींत भुवईची हालचाल कोणास दिसणार? अशा गाण्यास खोली लहानच लागे. एखादी अदा पसंत पडली कीं रसिक पैसे पुढें करी आणि आवडीची लावणी मागे. या रिवाजास दौलतजादा असें नांव होतें.

लावणी रचणाऱ्यांत पठ्ठे बापूरावांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म १८६६ सालीं वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष या गांवीं, ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घरांत झाला. वाळवें तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. जातिबांधवांचा रोष पत्करून बापूराव तमाशांत गेले आणि महार समाजांतील पवळाबाईसह त्यांनीं फड गाजविला. १९४५ सालीं ते वारले.

बापूराव या वाटेनें गेले ते स्वेच्छेनें. गाणाऱ्या स्त्रियांना ती निवड बहुधा नसे. कोल्हाटी समाजांत ज्या मुलीनें पायांत चाळ बांधले, तिचें लग्न रूढीप्रमाणें होत नसे; पुष्कळदां सारें कुटुंब तिच्याच कमाईवर जगे. रात्रीं जो रसिक तिच्या अदेवर पैसा उधळी, तो दिवसा तिला आपल्या घराचा उंबरठा ओलांडूं देत नसे.

समाजानें आधीं नाक मुरडावें आणि मागाहून तेंच गाणें आपलें म्हणावें, हा अनुभव एकट्या लावणीचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्जेंटिनांतील ब्युनॉस आयर्स शहराच्या गरीब वस्त्यांत टँगो वाढला. तेथील प्रतिष्ठित लोक त्यास प्रथम हीन लेखीत. १९१७ सालीं कार्लोस गार्देल यानें 'मी नोचे त्रिस्ते' हें गीत गाइलें. तेव्हांपासून टँगो हें नाचण्याप्रमाणेंच बसून ऐकण्याचेंहि गाणें झालें. २००९ सालीं युनेस्कोनें टँगोस मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. गार्देल १९३५ सालीं विमान-अपघातांत मरण पावला, तेव्हां त्याच्या वांट्यास अफाट लोकप्रियता आलेली होती.

लावणीच्या गायिकेस यापेक्षां पुष्कळ वाट पाहावी लागली. सातारा जिल्ह्यांतील वाईच्या यमुनाबाई वाईकर १९१५ सालीं कोल्हाटी कुटुंबांत जन्मल्या. लावणीचे पहिले धडे त्यांनीं आईपाशीं घेतले. फड आणि बैठक या दोहोंचाहि अनुभव घेऊन त्यांनीं बसून गावयाची ही संथ लावणी जतन केली आणि शास्त्रीय संगीताच्या जाणकारांकडून मान्यता मिळविली. २०१२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हां त्यांच्या वयाचीं शहाण्णव वर्षें पुरीं झालीं होतीं. १५ मे २०१८ रोजीं, एकशेंदोन वर्षांच्या होऊन, त्या निवर्तल्या.

त्यांना मिळालेला मान फार उशिरां आला, तरी तो हातीं आला. ज्या आईनें त्यांस पहिली लावणी शिकविली, तिच्या पिढीला मात्र बिदागीखेरीज कांहींच मिळालें नव्हतें. लावणीला वारसा म्हणणाऱ्या सुशिक्षित समाजाकडे तेवढें देणें अजून उरलें आहे.